सातवीच्या पोरांना कोलकाता कशाला?

भुसावळकर: परवा कुणीतरी लिहिलं, "अजिंठा दीड तासावर असताना सातवीची सहल कोलकात्याला नेणं म्हणजे शिक्षकांची फुकटची हौस." डोकंच फिरलं. आम्हाला सरांनी अजिंठ्यालाच नेलं होतं, तेही सोमवारी! सोमवारी लेणी बंद. पार्किंगमध्ये दशम्या खाऊन परत. हावडा मेल आपल्या स्टेशनात थांबते, ती जाते कुठे ते पोरांनी बघूच नये? रिव्हेटांवर उभा असलेला १९४३चा हावडा पूल, उरलीसुरली ट्राम (मुंबईची १९६४लाच गेली), कुमारटुली वस्तीत मातीच्या दुर्गा घडवणारे कारागीर. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात.

पारोळ्याचा बाप: हौस कुणाचीही असो, पैसे आम्ही भरतो. कापूस घरात पडून आणि सहलीची चिठ्ठी हातात. माझी पोरगी गेली नाही. बाकीचे येईपर्यंत रिकाम्या वर्गात बसली. मग सगळ्यांना निबंध दिला, "माझी सहल". तिने काय लिहायचं?

भुसावळकर: ग्रामीण सरकारी शाळांना अभ्याससहलीसाठी वर्षातून एकदा रेल्वेत सेकंड क्लासला ७५ टक्के सवलत आहे. विचारा की शाळेत.

पारोळ्याचा बाप: शाळा खासगी अनुदानित आहे, साहेब.

अहिराणी वाघ: संस्कृती बघायला दीड हजार किलोमीटर, अन् वर्गात अहिराणी बोललं की छडी! मना पोऱ्याले अहिराणी समजस, पन बोलता येत नही. बहिणाबाईंनी अहिराणीत एवढं लिहिलं त्या मातीत ही गत.

आसोदेकरीण: थांबा. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. किती वेळा सांगायचं?

अहिराणी वाघ: सगळं खान्देशीच ना, ताई.

आसोदेकरीण: "सगळं सारखंच" असं पुण्याचे लोक अहिराणीला म्हणतात तेव्हा कसं झोंबतं? आमचं मात्र ढापायचं!

अहिराणी वाघ: बरं बाई, लेवा तर लेवा. पण बहिणाबाईंच्या आसोद्याला तरी कोणती शाळा सहल नेते?

चाळीसगावचा मास्तर: भांडा निवांत. हौस म्हणे! रात्रभर डब्यात डोकी मोजत बसायचं, एक पोरगं संडासात गेलं तरी काळजाचा ठोका चुकतो. जवळच पाटणादेवीला नेऊ म्हटलं, गणिती भास्कराचार्यांचं म्हणतात ते गाव दाखवू, तर पालकच म्हणतात, "तिथं आम्ही नवसाला जातोच, त्यात कसली सहल?"

पारोळ्याचा बाप: मग न्या कोलकात्याला. पण पैसे हप्त्याने घ्या, अन् जे मागे राहतात त्यांनाही त्या दिवसांत कुठंतरी हिंडवा. पाटणादेवी का होईना.

भुसावळकर: हे आधीच म्हणायचं होतं की.

पारोळ्याचा बाप: आधी तुम्ही सवलत शिकवत होता ना.