अवधाण म्हणजे गाठ की सूज?

गेल्या आठवड्यात मुलाच्या टाचेत खिळा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण तिसऱ्या दिवशी जांघेत चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. सासूबाईंनी चाचपून लगेच सांगितलं, "अवधाण आलंय." इथे परळला डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "लिम्फ नोड सुजलाय." दोन्ही एकच का? आणि अँटीबॉडीला प्रतिपिंड म्हणायचं की प्रतिद्रव्य?

—

ताई, एकच नाही. लिम्फ नोड म्हणजे लसीकाग्रंथी, हा अवयव. जांघेत, काखेत, मानेत ती कायमच असते. अवधाण ही तिची सूज, तीही जखमेपायी आलेली. म्हणून आपण 'अवधाण आहे' म्हणत नाही, 'अवधाण आलं' म्हणतो. जखम पायाला तर अवधाण जांघेत, हाताला तर काखेत. जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे लसीकेबरोबर, म्हणजे अंगातून झिरपणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर, तिथे पोचतात, त्यांना ओळखणाऱ्या बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ग्रंथी फुगते. शब्दकोशात 'सुजलेली लसीकाग्रंथी' एवढंच दिलं, तर त्यातली जखम निसटते, आणि माझ्या मते या शब्दाचा जीव त्या जखमेतच आहे. कुठे जखम नाही, दुखत नाही, तरी गाठ आठवडे-आठवडे तशीच राहिली, तर तिला अवधाण म्हणून गप्प बसू नये. तपासून घ्यावी.

'लसीका' शब्दावरून 'लस' आठवली. खरचटल्यावर पाण्यासारखं पाझरतं, त्याला आपण लसच म्हणतो. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, भारतातली पहिली. बगदाद-बसऱ्याकडून एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत ती इथवर आली होती. म्हणजे फोडातली लस, अगदी शब्दशः. आज बाटलीत तसलं काही नसतं, शब्द मात्र टिकला.

—

मी प्रतिद्रव्याच्या बाजूने. पाठ्यपुस्तकांत प्रतिपिंड रुळलाय हे खरं, पण पिंड म्हटलं की डोळ्यांपुढे गोळा येतो. हे तर रक्तात विरघळलेलं प्रथिन, बी पेशींपासून तयार झालेल्या पेशींनी सोडलेलं. ऐकणाऱ्याला 'द्रव्य' चटकन कळतं. अँटिजेनला, म्हणजे हे प्रतिद्रव्य ज्याला चिकटतं त्याला, प्रतिजन ठीक आहे.

जंतू गिळणाऱ्या पेशींसाठी भक्षक पेशी हा शब्द मात्र मला फार आवडतो. 1882 साली इटलीतल्या मेसिनात मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! तुमच्या मुलाच्या टाचेतही हेच झालं असणार. पू म्हणजे बव्हंशी तिथे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच.

'प्रतिकारशक्ती' शब्दाने मात्र घोटाळा होतो. शक्ती म्हटलं की ती काढ्याने वाढवता येते असं वाटतं. अस्थिमज्जा, पाणथरी, ग्रंथी, पेशी हा सगळा पसारा सांगायचा तर 'प्रतिकारयंत्रणा' म्हणावं.

—

दोघांचेही आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अवधाण 'उतरलं' म्हणायचं, 'बरं झालं' नाही. बरी होते ती जखम. आज टाच कोरडी आहे आणि गाठ हाताला लागत नाही.