मदत हवी आहे: १९९२चे शेअरदलाल सिनेमात दाखवतात तसे होते का?

नमस्कार मंडळी,

एकांकिका लिहितोय. काळ मार्च-एप्रिल १९९२, जागा फोर्टातलं एका सब-ब्रोकरचं (म्हणजे मोठ्या दलालाच्या हाताखालच्या छोट्या दलालाचं) कळकट ऑफिस. सेन्सेक्स ४४००च्या वर, एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव हजारांत, आणि २३ एप्रिलला पेपरात हर्षद मेहताच्या घोटाळ्याची बातमी. इथवर गाडी ठीक चालली. अडलंय ते ऑफिसातल्या वातावरणापाशी.

दिग्दर्शकाला टेबलावर चढून नाचणारे दलाल हवेत, शॅम्पेन हवी, नोटांची उधळण हवी. त्याच्या डोक्यात 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' बसलाय. सांगून थकलो की बाबा, त्यातल्या बेलफोर्ट या दलालाची कंपनी वॉल स्ट्रीटवर नव्हतीच, लाँग आयलंडला होती. तिथली पोरं फोनवरून गिऱ्हाइकांच्या गळ्यात फडतूस शेअर मारायची. शिवाय सिनेमा त्याच्याच आत्मकथनावरून, म्हणजे फुशारक्या धरूनच! आपल्याकडे शेअर बाजाराच्या रिंगणात उभं राहून, घसा फोडून सौदे व्हायचे. कॉम्प्युटर आले १९९५ला.

माझा मामा तेव्हा अशाच एका ऑफिसात क्लार्क होता. तो म्हणतो, "कसली शॅम्पेन? आम्ही शेअर नावावर करायच्या ट्रान्सफर फॉर्मवरच्या सह्या ताडत बसायचो." सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी, सर्टिफिकेटं परत. स्टॅम्पपॅडच्या शाईने त्याचं बोट कायम जांभळं. आजी त्याला हात धुतल्याशिवाय पानावर बसू द्यायची नाही. शेठने त्या मार्चात नवी गाडी घेतली, पण ऑफिसातला खडखडणारा पंखा काही बदलला नाही. (पंखा एकांकिकेत येणारच.)

इथे कोणी त्या काळी रिंगणात किंवा ऑफिसात काम केलंय का? जॉबर, म्हणजे रिंगणात सौदे करणारे, संध्याकाळी परतल्यावर काय करायचे? सौद्यांचा मेळ त्याच रात्री घालायचे का, आणि नाही बसला तर भुर्दंड कोणाच्या माथी? बदल्याचे (सौदा पुढच्या सेटलमेंटवर ढकलण्याचे) भाव ठरायचे त्या शनिवारी ऑफिसात कोण कोण थांबायचं? आपसात गुजराती किती, मराठी किती? आणि मुख्य म्हणजे चैन. वरळीचं समुद्रासमोरचं घर, लेक्सस, हे हर्षद मेहताचं झालं. सब-ब्रोकरच्या पोरांपर्यंत त्यातलं काय पोचलं होतं?

बातमीनंतरच्या आठवड्याबद्दल कोणी लिहिलंत तर फारच उपकार. मामाला ते विचारलं की तो पुन्हा पंख्याचीच गोष्ट सांगायला लागतो.

तालमी येत्या रविवारपासून आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.