मदत हवी आहे : चार फुटी फिश टँकच्या लोखंडी स्टँडला मधला पाय हवा का?

रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावरील घरात १२० × ४५ × ४५ सेंमी मापाची, १० मिमी काचेची टाकी ठेवायची आहे. पाणी, काच, वाळू आणि दगड धरून एकूण वजन साधारण ३२५ ते ३५० किलो होईल, असा माझा हिशेब आहे. जागा बीमवरच्या भिंतीलगत निवडली असल्याने स्लॅबविषयी शंका नाही. प्रश्न स्टँडचाच आहे.

तयार मिळणारे पार्टिकल बोर्डचे कॅबिनेट मी बाद केले, कारण पाणी सांडले की ते कडेने फुगते आणि इथली दमट हवा त्याला मुळीच मानवत नाही. फॅब्रिकेटर २५ मिमी चौकोनी पाइपचा, १.६ मिमी जाडीचा स्टँड पुरेल म्हणतो. मला ४० मिमी पाइप, २ मिमी जाडी, रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट आणि वर १९ मिमी मरीन प्लायवूड व थर्माकोल असा बेत अधिक भरवशाचा वाटतो. खाली सम्प (पाणी गाळणारी दुसरी छोटी टाकी) ठेवायचा असल्याने समोर मधला पाय शक्यतो नको आहे.

दुसरी अडचण फरशीची. लांब पट्टी आणि स्पिरिट लेव्हल लावून पाहिले, तेव्हा डाव्या टोकाखाली सुमारे ५ मिमी फट राहिली. फिरवून उंची जुळवता येणारे बोल्टचे पाय लावले, तर सगळा भार चार बिंदूंवर येऊन फरशी तडकेल अशी भीती वाटते.

समोर मधला पाय न देता ४० मिमीची वरची चौकट वाकणार नाही ना, आणि ही फट बोल्टच्या पायांखाली लोखंडी प्लेट देऊन भरावी की स्टँडच्या पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून?