हार्नेस रेस बघायला जाणं म्हणजे जुगाराला जाणं का?

सुरसागर
लेकीकडे क्राइस्टचर्चला गेलो होतो तेव्हा एक दुपार अ‍ॅडिंग्टनच्या मैदानावर हार्नेस रेस बघत घालवली. वडोदऱ्याला परतून हे सांगितलं, तर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पहिला प्रश्न आला, "किती लावले?" एक पैसाही लावला नव्हता. माझं म्हणणं असं की ही शर्यत पैसे न लावता, मुलंबाळं घेऊन बघण्यासारखी आहे आणि आपल्या गुजरातेत ती सुरू व्हायला हवी. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या पाठीवर स्वार नसतो. मागे दोन चाकांची हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात. तिच्यावर हाकणारा पाय पुढे पसरून बसतो. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, हा मुख्य नियम. काही शर्यती ट्रॉटच्या, म्हणजे दुडक्या चालीच्या असतात, त्यात पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीने पडतात. काही पेसच्या, त्यात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. घोड्याने चाल मोडली की हाकणाऱ्याने त्याला आवरून परत चालीवर आणायचं, आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. शेवटच्या वळणावर सगळ्यात पुढे असलेला घोडा असा चुकताना मी पाहिला. त्याला चाबकाने हाणलं असतं तर तो आणखी बिघडला असता. हाकणाऱ्याने लगाम सैल-घट्ट करत, बोलत बोलत त्याला सावरलं. पाचवा आला. पण स्टँडमधली म्हातारी मंडळी त्या हाकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत होती.

आणि घाई कशाचीच नाही. शर्यत दोन-चार मिनिटांची, मग बराच वेळ मोकळा. लोक हिरवळीवर डबे उघडतात, मुलं कठड्याशी जाऊन घामाघूम घोडे जवळून बघतात. आम्ही नेलेले ठेपले शेजारच्या कुटुंबाने चवीने खाल्ले. सांगा, यात जुगार कुठे आहे?

रावपुरा जुना
सुरसागरभाऊ, तुम्ही नाही लावले, पण ती दुपार लावणाऱ्यांच्या पैशावरच उभी होती. तिथे टोट असतो. सगळ्यांचे लावलेले पैसे एकत्र होतात, त्यातून आयोजकांचा आणि सरकारचा वाटा निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. बक्षिसाची रक्कम, मैदानाची निगा, हे बहुतांशी त्या वाट्यातूनच येतं. हा हिशेब करणारं जगातलं पहिलं स्वयंचलित यंत्र 1913 साली न्यूझीलंडमध्येच, ऑकलंडच्या एलरस्ली रेसकोर्सवर बसलं. म्हणजे घोडा पळवणं आणि पैसे लावणं हे तिथे शंभर वर्षांहून जास्त काळ एकाच घरात नांदतंय. तुम्ही ओसरीवर बसून आलात, इतकंच.

आमच्या घराण्यात एक माणूस मुंबईच्या रेसपायी बुडाला. दागिने गेले, मग घर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे मला ठाऊक आहे. घरातल्या बाईला त्या निकालाचा काय उपयोग? मुलांना असल्या ठिकाणी "फक्त बघायला" नेणं मला मान्य नाही. बघण्यातूनच लावणं सुरू होतं.

मांडवीकर
पैशापेक्षा मला घोड्याची काळजी जास्त वाटते. पेसच्या शर्यतीत बहुतेक घोड्यांच्या एका बाजूच्या पुढच्या-मागच्या पायांत पट्टे अडकवलेले असतात, चाल मोडू नये म्हणून. सुरसागर यांनी ते पाहिले असणार, पण लिहिले नाहीत. तोंडात कडी, मान खाली जाऊ नये म्हणून वरून ताणलेला पट्टा, डोळ्यांना झापडं. आणि जो घोडा पुरेसा वेगवान निघत नाही त्याचं पुढे काय होतं? त्याच न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर 2024 मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, कारण जखमी आणि मेलेल्या कुत्र्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं सुटत नव्हता. तिकडे लोक अशा खेळांचा फेरविचार करतायत आणि आपण नव्याने आणायचं म्हणतोय.

कच्छी वाट
मांडवीकर, पट्टे असतात हे खरं. पण ते घालून घोड्याला बळजबरीने त्या चालीत ढकलतात, असं चित्र उभं करू नका. स्टँडर्डब्रेड जातीच्या पुष्कळ शिंगरांत पेसची चाल जन्मतःच असते, काही घोडे तर पट्ट्यांशिवायही पळतात. अमेरिकेत 1879 मध्ये या जातीसाठी मोजमाप ठरलं, एक मैल अडीच मिनिटांत. जातीला नाव त्यावरूनच मिळालं. 2022 मध्ये बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने तेच अंतर 1 मिनिट 46 सेकंदांच्याही आत कापलं. हे पिढ्यान्‌पिढ्या निवडीने आलं, आणि त्या निवडीत शांत स्वभावही आला.

आता आपल्या घरचं. कच्छी-सिंधी, काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांत रेवाल चाल उपजत आहे. एका बाजूचे पाय लागोपाठ पडतात आणि पाठ हलत नाही. स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही, असं कच्छातले मालधारी, म्हणजे गुरंढोरं पाळणारे लोक, अभिमानाने सांगतात. तिथे रेवालच्या शर्यती होतात आणि चौखूर सुटणारा घोडा बाद होतो. म्हणजे अ‍ॅडिंग्टनचा मूळ नियम आपल्याकडे आधीपासून आहे! बाहेरून काही आणायचं नाहीच. या घोड्यांना गिऱ्हाईक उरलं आहे ते लग्नाच्या वरातीचं. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, डांबरावर तासन्‌तास उभं राहणं हे त्यांचं आजचं आयुष्य. मांडवीकर, त्याबद्दलही बोला ना.

मांडवीकर
बोलते. वरातीतला घोडाही बंद व्हावा, असंच माझं मत आहे. एक क्रौर्य दाखवून दुसरं झाकता येत नाही. आणि तुमच्याच आकड्यांवरून विचारते, अडीच मिनिटांवरून 1 मिनिट 46, ही 44 सेकंदं कुणाच्या फुप्फुसांतून आणि गुडघ्यांतून काढली?

कच्छी वाट
सगळी घोड्यातून नाही. 1892 मध्ये सल्कीला सायकलची हवा भरलेली चाकं लागली. आदल्या वर्षी सनोल या घोडीचा मैलाचा विक्रम 2 मिनिटं सव्वाआठ सेकंदांचा होता. त्या वर्षी नॅन्सी हँक्स या घोडीने तो 2 मिनिटं 4 सेकंदांवर आणला. एका वर्षात चार सेकंदं, आणि त्यात चाकांचा वाटा मोठा होता. पुढे ट्रॅक सुधारले, वळणांना उतार मिळाला, गाड्या हलक्या झाल्या. प्रश्न मात्र तुम्ही योग्य विचारलात. गुडघ्यांची किंमत आहेच, मी नाकारत नाही.

प्रतापनगर
माझा विरोध वेगळ्या कारणाने. आपल्याकडे घोडागाडीची शर्यत म्हणजे पहाटेचा हायवे, पुढे-मागे मोटरसायकलींचा ताफा, हॉर्न आणि चाबूक. मुंबईत असे प्रकार वारंवार पकडले गेलेत. तिथल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांची दशा हेच कारण होतं. सुरसागर म्हणतात तशी हिरवळ, कठडा, डबे हे सगळं येण्याआधी आपल्याकडे हायवेच येईल. बैलगाडा शर्यतीचं पाहा. 2014 मध्ये बंदी, मग कायद्यात दुरुस्ती, 18 मे 2023 ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कागदावर अटी भरपूर आहेत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्या किती पाळल्या जातात ते पुण्याकडचे नातेवाईक सांगतातच.

सुरसागर
सगळ्यांचं वाचलं. पट्ट्यांचा उल्लेख मी केला नाही, कारण चाल मोडलेल्या घोड्याची जी शर्यत मी सांगितली ती ट्रॉटची होती आणि पट्टे प्रामुख्याने पेसवाल्यांना लागतात. पॅरिसजवळच्या व्हँसेनला 1920 पासून होणारी प्री द'आमेरिक ही मोठी शर्यत तर पूर्ण ट्रॉटचीच, 2700 मीटरची. मी मागतोय ते तेवढंच. ट्रॉट किंवा रेवाल, पट्ट्यांशिवाय, चाबकाशिवाय. चाबूक गाडीवर नेलाच नाही तर वापरण्याचा मोह कुठून होणार?

रावपुरा जुना, तुमच्या घरात जे घडलं त्यापुढे मी वाद घालत नाही. पण टोट नसेल तर शर्यतच होणार नाही, हे मला मान्य नाही. कच्छातल्या जत्रेत बक्षिसाला फेटा आणि ढाल पुरते. आणखी एक चांगली गोष्ट तिथे पाहिली. उभ्या सुरुवातीच्या शर्यतीत जास्त जिंकलेल्या घोड्याला दहा-वीस मीटर मागून सोडतात. त्यामुळे गरीब मालकाचा साधा घोडाही शेवटपर्यंत शर्यतीत राहतो. आपल्या मालधाऱ्यांना याहून न्याय्य पद्धत कोणती मिळेल?

प्रतापनगर यांचं भय खरं आहे आणि त्याला उत्तर एकच, बंदिस्त मैदान. वडोदऱ्यात रेसकोर्स आता रस्त्याच्या आणि सर्कलच्या नावातच उरलंय. शहराबाहेर एखादी गोल धाव आखून द्या, दारातच घोडा तपासायला पशुवैद्य बसवा आणि पैसे लावताना सापडेल त्याला बाहेर काढा.

रावपुरा जुना
फेटा आणि ढालीवर चालणार असेल तर मी बघायला येईन. पण पहिल्याच वर्षी कुणी "प्रायोजक" म्हणून पाच लाखांचं बक्षीस लावेल, दुसऱ्या वर्षी मोबाईलवर आकडे फिरतील. ते कोण थांबवणार, त्याचं नाव आधी सांगा. नाव नसेल तर माझा विरोध कायम.

मांडवीकर
आणि गोल धाव कशाची करणार? डांबर किंवा काँक्रीट असेल तर मी दारातच आडवी बसेन. मऊ माती, वळणांना उतार आणि पावसाळ्यात संपूर्ण बंद. चार वर्षांखालचा घोडा नको. हरलेल्या घोड्याची नोंद पुढची दहा वर्षं ठेवायची, तो कुठे आहे, कुणाकडे आहे. एवढं लेखी असेल तर मी त्या पशुवैद्याशेजारी खुर्ची टाकून बसायला तयार आहे. चाबूक हातात दिसला की शर्यत थांबवायचा अधिकार मात्र माझ्याकडे हवा.

कच्छी वाट
चार वर्षांची अट आमच्याकडचे जाणते आनंदाने मानतील. रेवाल पक्की बसायला तेवढा वेळ ते स्वतःच देतात. नोंदीचं अवघड जाईल, घोडे हातोहात विकले जातात. माइक्रोचिप हा एक मार्ग आहे. इथे कुणी पशुवैद्य असेल तर त्याचा खर्च आणि पद्धत लिहा, म्हणजे मालकांशी बोलताना हातात काहीतरी असेल.