हायड्रॉक्सीयुरिया दिलं तरी पेशी मरत का नाहीत?

पिपेट_२: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय, हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) २ मिलिमोलर हायड्रॉक्सीयुरिया देऊन ४ तास ठेवलं, मग धुवून टाकलं तर पुन्हा वाढायला लागल्या की! डीएनए कॉपी करणंच बंद पाडलेलं ना, मग मधल्या वेळात त्या करतात तरी काय?

पेशीवाला: अरे कच्चा माल संपलाय फक्त. हे औषध रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एन्झाइमला अडवतं त्यामुळे डीएनएच्या विटाच बनत नाहीत, कॉपी करणारं पॉलिमरेज थांबतं पण धागे सोडवणारं हेलिकेज आपलं पुढे उलगडत जातंच, मग एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर आरपीए हे झाकणारं प्रोटीन चिकटतं, ते दिसलं की एटीआर हे धोका ओळखणारं एन्झाइम येऊन चेक-१ या निरोप्या एन्झाइमला जागं करतं. निरोप काय तर नवीन ओरिजिन (कॉपी जिथून सुरू होते ती जागा) सुरू करू नका आणि मायटोसिसचं (पेशी विभाजनाचं) तर नावच नको.

जुनी_लॅब: आरपीए संपलं की खेळ खलास, हेपण सांग ना त्याला. एटीआरच अडवलं तर इतके ओरिजिन एकदम सुटतात की आरपीए पुरत नाही, आणि मग उघडे धागे तुटतात. बीआरसीए-२ या प्रोटीनला विसरू नका हां, अडकलेला फोर्क (कॉपी चालू असते तो डीएनएचा दुभंग) एमआरई-११ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कुरतडू नये म्हणून रॅड-५१ या राखणदार प्रोटीनला तिथं तेच बसवतं.

पिपेट_२: म्हणजे परवा रात्रभर विसरलेली प्लेट गेली?

पेशीवाला: 😄 २४ तासांत बरेच फोर्क कोसळतात, डबल स्ट्रँड ब्रेक (डीएनएचे दोन्ही धागे तुटणं) होतात. सगळ्या मरतीलच असं नाही, धुतल्यावर नवीन ओरिजिनवरून काम सुरू करतात काही. फेकू नको, डीएनए तुटल्याची खूण असलेल्या गॅमा एच-२एएक्सचं स्टेनिंग करून बघ आधी.