मस्टँग जीटी (2012): मागचे सस्पेन्शन आर्म अ‍ॅडजस्टेबल घ्यावेत की फिक्स्ड?

प्रश्न – उतारावरची_गाडी
गाडी एस197 (2005–14 च्या फोर्ड मस्टँगचं सांकेतिक नाव), मॅन्युअल गिअरची, मिशिगनमध्ये. सव्वा इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या आहेत, बाकी मागचं सगळं कंपनीचं. रोजचा वापर, उन्हाळ्यात ऑटोक्रॉस (शंकूंमधून वळणं घेत घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा). मागचं डावं चाक फेंडरच्या बाहेर आल्यासारखं दिसतं आणि जोरात निघताना मागची चाकं उड्या मारतात. पॅनहार्ड बार (मागचा आस आडवा सरकू न देणारा दांडा), खालचे दोन आर्म आणि वरचा आर्म असा पूर्ण अ‍ॅडजस्टेबल संच घ्यावा, की काही भाग फिक्स्ड चालतील?

तिसरी_लिंक
पूर्ण संच नको. पॅनहार्ड अ‍ॅडजस्टेबल घ्या, खालचे आर्म फिक्स्ड घ्या, वरच्याचं मोजून ठरवा.

पॅनहार्डचं एक टोक बॉडीला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी खाली बसली की बारचा तिरपेपणा बदलतो आणि अख्खा अ‍ॅक्सल बाजूला सरकतो. बाजारातला फिक्स्ड बार कितीही मजबूत असला तरी लांबी मूळचीच, म्हणून तुमच्या गाडीत तो निरुपयोगी.

मोजणी अशी करा. सपाट जमीन, दोन्ही टायरांत सारखी हवा. दोन्ही फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. डावीकडे 22 मिमी, उजवीकडे 34 आलं, तर फरकाच्या निम्मं, म्हणजे अ‍ॅक्सल 6 मिमी डावीकडे गेलाय. अ‍ॅडजस्टरला एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे आटे असतील आणि इंचाला 16 आटे असतील, तर एका फेऱ्यात लांबी 1/8 इंच, म्हणजे सुमारे 3.2 मिमी बदलते. तुम्हाला दोन फेऱ्यांहून जरा कमी लागेल.

ओळंबा_आणि_पाना
खालच्या आर्मबद्दल सहमत. अ‍ॅडजस्टेबल आर्मचा खरा उपयोग मोठा टायर चाकाच्या कमानीत मध्यावर आणायला किंवा वाकडा बसलेला अ‍ॅक्सल सरळ करायला. दोन्हींच्या लांबीत 3 मिमी फरक राहिला तरी अ‍ॅक्सल थोडा तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. मोजायची तयारी नसेल तर ती भानगड घेऊच नका.

बुश (आर्मच्या टोकांतले रबरी किंवा प्लॅस्टिकचे सांधे) मात्र नीट निवडा. वळणात अ‍ॅक्सल कलतो तेव्हा आर्मला पीळ बसतो. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन असेल तर तो पीळ अडतो आणि मागची पकड अचानक सुटते. बॉडीकडे पॉली आणि अ‍ॅक्सलकडे गोलाकार बेअरिंग हा रस्त्यासाठी चांगला मेळ आहे. थोडा आवाज वाढतो, पॉलीला ग्रीस लागतं.

उड्यांना नुसते आर्म पुरत नाहीत. गाडी खाली बसल्यावर आर्मचं पुढचं टोक खाली येतं आणि चाक जमिनीवर दाबणारी भूमिती बिघडते. रिलोकेशन ब्रॅकेटने अ‍ॅक्सलकडचं टोक खाली घ्या. पण ऑटोक्रॉस करणार असाल तर सर्वात वरचंच भोक वापरा. खालच्या भोकात सरळ रेषेत गाडी छान पळते, पण वळणात कलल्यावर अ‍ॅक्सल स्वतःच वळतो आणि शेपूट बाहेर जाते. स्पर्धेच्या वर्गात हे भाग चालतात का, तेही आधी बघा.

उतारावरची_गाडी
आणि वरचा आर्म?

तिसरी_लिंक
त्याचं काम पिनियनचा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट ज्याला जोडलेला असतो त्या मागच्या गिअरचा, कोन ठरवणं. डिजिटल कोनमापक लावून ड्राइव्हशाफ्ट आणि पिनियन यांच्यातला फरक बघा, गाडीचं वजन अ‍ॅक्सलवर असतानाच. जोर पडला की पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून ते आधीच 1 ते 2 अंश खाली झुकलेलं ठेवतात. तेवढंच असेल आणि वेगात थरथर नसेल, तर आर्मची लांबी बदलायची गरज नाही. एकसंध ड्राइव्हशाफ्ट टाकणार असाल तर मात्र अ‍ॅडजस्टेबल घ्याच. 2005–10 आणि 2011–14 चा वरचा आर्म वेगळा आहे, मागवताना वर्ष तपासा.

ओळंबा_आणि_पाना
बसवताना एक चूक सर्रास होते: चाकं लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळणं. मग रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. बोल्ट हाताने बसवा, अ‍ॅक्सलखाली घोड्या लावून वजन द्या, मगच त्या वर्षाच्या मॅन्युअलप्रमाणे आवळा. मिशिगनच्या मिठात अ‍ॅडजस्टरचे आटे जाम होतात, त्यांना आधीच अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. चेकनटवर (लांबी पक्की धरणाऱ्या नटवर) रंगाची रेघ मारा आणि पहिल्या 100 मैलांनंतर ती सरकली का बघा.