प्रतिसाद: एवढ्याशा पदार्थांनी पोट भरतं का?

वर एकाने विचारलंय की महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ताटलीत घासभरच पदार्थ येतो, मग पोट कसं भरणार? भरतं, आणि चांगलं भरतं. पदार्थ एकामागून एक येतात, दोन-तीन तास जेवण चालतं, आणि लोणी-क्रीमचे सॉस फार जड असतात. गंमत म्हणजे एकेक पदार्थ आणण्याची ही पद्धत 'रशियन' म्हणून ओळखली जाते. 19व्या शतकात ती फ्रान्समध्ये रुळली; त्याआधी बरेच पदार्थ एकदमच टेबलावर मांडत.

सुरुवातीला पावावर ताव मारू नका, सॉस टिपायला थोडा पाव ठेवा. त्या सॉसमध्येच स्वयंपाक्याची खरी मेहनत असते. हाडं आणि भाज्या तासन् तास उकळून, गाळून, आटवून तो बनतो. म्हणूनच शाकाहारी मंडळींनी टेबल राखून ठेवतानाच स्पष्ट सांगावं. भाजीच्या पदार्थातही मांसाचा अर्क असू शकतो, आणि ऐनवेळी तो बदलणं स्वयंपाकघराला अवघड जातं.

आणखी एक, यात माझाही बरीच वर्षं गैरसमज होता. वाइनचा पहिला घोट चाखायला देतात तो आवडनिवड विचारायला नाही, बाटली खराब झालेली नाही ना हे पाहायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर निःसंकोच सांगा, बाटली बदलून मिळते.

चीज गोड पदार्थाच्या आधी येतं. त्यासाठी पोटात जागा ठेवाच!